भोपळ्याशिवाय तंबोरा : गिटारचा आवाज वायरने घ्यावा की माईकने?



दिवाळीनंतर आमच्या चौथीतली एक मुलगी आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली. जाताना म्हणाली, "बाई, परिपाठातलं गाणं पप्पांच्या मोबाईलवर पाठवाल का?" हो म्हणून बसले. माझे धाकटे दीर इलेक्ट्रिक गिटार वाजवतात. ते गिटार, छोटा अँप्लिफायर आणि लॅपटॉप घेऊन दौलताबादला आले.

आधी वर्गातच मोबाईल ठेवून पाहिलं. वेरूळकडे जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न, पत्र्यावरचे कावळे आणि मध्येच "बाई, हा ढकलतोय!" भाऊजी म्हणाले, "वहिनी, मुलांचा आवाज मोबाईलवर घेऊ. गिटार मात्र अँपच्या मागच्या लाईन आऊटमधून वायरने थेट लॅपटॉपमध्ये घेऊ." तसं केलं. गिटारमध्ये बाहेरचा एकही आवाज नाही. खूश होऊन गाणं पाठवलं. रात्री फडावरून निरोप आला, "बाई, गाणं छान आहे, पण गिटार चावतंय."

चावतंय! पुन्हा ऐकलं तर खरंच, डब्यात अडकलेल्या माशीसारखा आवाज.

असं का झालं बघा. गिटारच्या तारांखालचे पिकअप तारांच्या कंपनाची वीज करतात, अँप ती वाढवतो आणि स्पीकरचा कागदी पडदा त्या विजेने हलून हवा हलवतो. माणसाचा कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, पण गिटारच्या अँपमधला स्पीकर साधारण ५,००० च्या पुढे थकतो. वरचा टोकदार, किरकिरा भाग तो गिळून टाकतो. भाऊजींनी आवाज थोडा फाटका, म्हणजे डिस्टॉर्शन लावून ठेवला होता. अशा आवाजात ही किरकिर जास्तच असते. वायरने आम्ही स्पीकरच्या आधीच आवाज उचलला, त्यामुळे ती सगळी किरकिर लॅपटॉपमध्ये उतरली. काही नव्या अँपमध्ये लाईन आऊटलाच स्पीकरची नक्कल करणारी सोय असते, त्यांचा आवाज वायरनेही गोड येतो. आमचा साधा होता.

इथे मला आमच्याच गावचे शार्ङ्गदेव आठवले. तेराव्या शतकात, यादव राजा सिंघणाच्या काळात, याच देवगिरीला त्यांनी 'संगीतरत्नाकर' लिहिला. दरबारात ते हिशेबाचं काम बघत. (आपल्या शालेय पोषण आहाराच्या नोंदींची आठवण झाली ना?) त्यांच्या ग्रंथात वाद्यांचे चार प्रकार आहेत : तत, सुषिर, अवनद्ध, घन. गिटार तत, म्हणजे तारेचं वाद्य. पण तंबोऱ्याला भोपळा असतो, तसा भाऊजींच्या सपाट लाकडी गिटारला कुठे आहे? मला वाटतं, त्या गिटारचा भोपळा म्हणजे अँपचा स्पीकर आणि त्याची पेटी. आम्ही भोपळा काढून तंबोरा ऐकवला होता.

मग गावातल्या साऊंडवाल्याकडून साधा माईक आणला आणि अँप नेला तांदळाच्या खोलीत. पोती आवाज शोषून घेतात, भिंती घुमत नाहीत. माईक स्पीकरच्या जाळीपासून चार बोटांवर ठेवला. अगदी मध्यभागी धरला की आवाज तिखट, कडेकडे सरकवला की मऊ. दोन बोटं सरकवली तरी फरक कळत होता! पाऊण तास आमचा त्यातच गेला. शिपाईमामा दारात येऊन बघत राहिले.

माईकचा त्रास आहेच. खोली शांत लागते, वेळ लागतो, आणि एकदा चुकीच्या जागी ठेवला की तो आवाज नंतर फारसा सुधारत नाही. म्हणून भाऊजींनी वायरचा आवाजही वेगळा साठवून ठेवला. तो नंतर पुन्हा अँपमधून वाजवता येतो म्हणे. घाईत असाल आणि अँपला ती नकलेची सोय असेल तर खुशाल वायर लावा. आमच्यासारख्या साध्या अँपला मात्र माईकच.

एक गोष्ट जपा. अँपवर 'स्पीकर' लिहिलेल्या छिद्रातून लॅपटॉपकडे वायर कधीच नेऊ नका, तिथे वीज फार जोराची असते. मी तीच नेत होते, भाऊजींनी हात धरला. जुन्या व्हॉल्व्हच्या अँपचा स्पीकर काढून तो वाजवला तर आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

वर्गात हे करून बघायला अँप लागत नाही. स्पीकरवर गाणं लावा आणि मुलांना मोबाईलने समोरून, कडेने, मागून रेकॉर्ड करायला सांगा. मग डोळे मिटून ओळखू द्या. परिसर अभ्यासाचा तास कसा संपला कळणार नाही.

नवं रेकॉर्डिंग पाठवलं. चार दिवसांनी उत्तर आलं. तिने तेच गाणं स्वतः गाऊन पाठवलं होतं, मागे पाचटाची सळसळ आणि बैलांच्या गळ्यातल्या घंटा.