महाबळेश्वरचा पाऊस, महाडचं पाणी

महाड आमचं आजोळ. पावसाळ्यात तिकडे अकीका किंवा मंगनी निघाली की पुण्याहून कोणत्या घाटाने उतरायचं यावर घरात बैठक बसते. वरंधा जवळचा, पण पावसाळ्यात तो पुष्कळदा बंदच असतो. ताम्हिणीने माणगावला उतरता येतं. यंदा जुलैत आम्ही महाबळेश्वरवरून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलो. फजर पढून निघायचं आणि जोहरच्या आत घाट संपवायचा, हा मामूंचा जुना दंडक.

या वाटेने गेलं की महाडचा पूर डोळ्यांना कळतो. सावित्रीचा उगम महाबळेश्वरला, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,350 मीटरवर. तिथून ती कडे उतरत पोलादपूरवरून महाडला येते, ते गाव जवळजवळ खाडीच्याच पातळीला. म्हणजे महाडात ऊन पडलेलं असलं तरी वर ढग फुटले की काही तासांत पाणी दारात. त्यात बाणकोटच्या खाडीला भरती असेल तर पाण्याला पुढे जायला वाट नाही, ते बाजारपेठेत शिरतं.

22 जुलै 2021 ला तेच झालं. महाबळेश्वरला 24 तासांत सुमारे 594 मिलिमीटर पाऊस पडला. हवामान खातं 204.4 मिलिमीटरच्या वरच्या पावसाला सर्वांत वरच्या पायरीवर बसवतं. हा त्याच्या जवळजवळ तिप्पट. महाड बुडालं आणि त्याच दिवशी तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळून 80 हून अधिक माणसं गेली. 2005 च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांनीही दरडी पाहिल्या होत्या. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल वाहून गेला, त्याबरोबर दोन एसटी गाड्या. इर्शाळवाडीची दरडही 2023 ची, रात्रीचीच. मामूंच्या दंडकाला आता घरात कुणी हसत नाही.

नानी पाणी वाचते. पऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, त्यात पालापाचोळा, काटक्या येऊ लागल्या की पोरांना काठावरून हाक मारायची. आणि पाऊस चालू असताना पऱ्या अचानक आटला तर जास्त घाबरायचं, कारण वर कुठेतरी माती-झाडांनी पाणी अडलंय, ते फुटून येणार. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी आणखी पाहायचं ते जमिनीत नवी भेग, कललेलं झाड किंवा विजेचा खांब, एकाएकी घट्ट बसू लागलेलं दार. यातलं एक जरी दिसलं तर सामान आवरत बसायचं नाही, उताराच्या वाटेतून बाजूला व्हायचं.

पर्यटकांचं मात्र आम्हाला नवल वाटतं. घाटात धबधबा दिसला की गाडी वळणावरच थांबते, वर कड्यावरून दगड सुटत असले तरी. 30 जून 2024 ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यात लहान मुलं होती. सगळे पाण्याच्या मधोमध उभे होते आणि लोंढा वाढत गेला. वाहतं पाणी घोट्याच्या थोडं वर आलं तरी मोठ्या माणसाचा पाय सुटू शकतो, फूटभर पाण्यात छोटी मोटार तरंगू लागते. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर पलीकडे वलीमा वाट पाहत असला तरी गाडी मागे वळवावी. बिर्याणी गार होईल, दुसरं काय!

आमच्या वेळी पोलादपूरच्या अलीकडे दरडीची माती रस्त्यावर आली होती. जेसीबी काम करत होता. पोलिसांनी थांबवलं, आम्ही उघड्या जागी तासभर थांबलो, मुलांना कड्याच्या बाजूला उतरू दिलं नाही. पुढच्या काही गाड्या कडेने घुसू पाहत होत्या. त्यांच्याशी आमचं थोडं वाजलंच.

आजोळच्या घरी खालच्या खोलीत आता जमिनीवर काही ठेवत नाहीत. निकाहनामा, रेशनकार्ड, घराची कागदं माडीवर झाकणाच्या डब्यात, शेजारी टॉर्च, नानीच्या साखरेच्या गोळ्या आणि पाण्याच्या बाटल्या. भिंतीवर खडूने दोन आकडे लिहिलेत: 112 आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077. मोहल्ल्यातली पोरं पुलाजवळ जाऊन पाण्याची पातळी बघून येतात आणि वाढ दिसली की मस्जिदीच्या भोंग्यावरून सांगतात. आम्ही होतो त्या रात्री तसा आवाज आला नाही. तरी मुमानी दोनदा उठून खिडकीतून बघून आल्या.