दोन गुणांचं उत्तर

निवृत्त शिक्षकांची एक खोड काही केल्या जात नाही. कुठेही गेलं तरी बरोबर वही लागते. परवा कपाट आवरताना जानेवारी २०१९ ची वही हाती आली. पहिल्या पानावर लिहिलंय, ‘आदिस अबाबा, दोन दिवस’. हे लिहायचं मी बरेच दिवस टाळत होते. आज लिहूनच टाकते.

माझा भाचा तेव्हा इथिओपियाच्या त्या राजधानीत नोकरीला होता. “मावशी, एकदा येऊन जा ना,” म्हणून दोन वर्षं मागे लागला होता. निघाले तेव्हा शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “आफ्रिकेत सिंह सोडून काय बघायचं असतं हो?” मी हसले. पण खरं सांगायचं तर इतिहासाची शिक्षिका असून माझ्याकडेही उत्तर नव्हतं. पस्तीस वर्षं मी आफ्रिका शिकवली ती दोन वाक्यांत. एक, ते अंधारं खंड. दोन, युरोपीय राष्ट्रांनी त्याची वाटणी केली. घंटा व्हायच्या आत धडा संपायचा.

भाच्याने दोन दिवसांसाठी गाडी आणि वाटाड्या ठरवून दिला. वाटाड्या पन्नाशीचा, शांत, इंग्रजी सावकाश बोलणारा. त्यामुळे माझंही निभावलं. पहिल्याच सकाळी तो म्हणाला, “उद्या दोन वाजता तयार राहा.” मला वाटलं दुपारी. तर त्यांचे दोन म्हणजे आपले सकाळचे आठ! तिथे तास उजाडल्यापासून मोजतात. आपल्याकडे सूर्योदयापासून घटका मोजायचे, तसंच की. वर्ष विचारलं तर म्हणाला, २०११. त्यांची कालगणना तेव्हा आपल्या इंग्रजी वर्षाच्या आठ वर्षं मागे होती. मी बसल्या जागी आठ वर्षांनी तरुण झाले!

आधी गेलो एन्टोटोच्या डोंगरावर. शहरच मुळी समुद्रसपाटीपासून २३०० मीटरच्या वर, आणि हा डोंगर त्याहूनही उंच. चार पावलं चाललं की दम लागत होता. सगळीकडे निलगिरीची झाडं, मेनेलिक राजाच्या काळात बाहेरून आणलेली. वर मरियमचं देऊळ आहे, म्हणजे चर्चच, पण अनवाणी आत जायचं असल्यामुळे माझ्या तोंडी देऊळच आलं. १८८९ साली तिथे मेनेलिकचा राज्याभिषेक झाला. खालचं शहर वसवलं ते १८८६ मध्ये, आणि त्याला ‘आदिस अबाबा’ म्हणजे ‘नवं फूल’ हे नाव दिलं त्याच्या राणीने, तायतूने.

तिथून खाली उतरून आलो सेंट जॉर्जच्या अष्टकोनी चर्चपाशी. जवळच्या चौकात मेनेलिकचा घोड्यावरचा पुतळा. वाटाड्या पुतळ्याकडे बघत सांगू लागला आणि माझी पेन्सिल थांबली.

१८८९ साली मेनेलिकने इटलीशी तह केला, वुचालेचा तह. तो दोन भाषांत लिहिला होता. सतराव्या कलमात अम्हारिक भाषेत होतं की इथिओपियाला परराष्ट्रव्यवहारासाठी इटलीची मदत घेता येईल. इटालियनमध्ये होतं की घ्यावीच लागेल. ‘येईल’ आणि ‘लागेल’! एका क्रियापदात अख्खं राज्य गिळायचा बेत. मेनेलिकने तह झुगारला आणि १ मार्च १८९६ रोजी आडवाच्या लढाईत इटलीच्या सैन्याचा धुव्वा उडवला. तायतू राणी स्वतःची फौज घेऊन रणात होती.

हे ऐकताना मी चाळीस वर्षं मागे गेले.

१९८१ साल असेल. नववीची चाचणी. प्रश्न होता, ‘युरोपीय सैन्य अजिंक्य नाही हे कोणत्या देशाने दाखवून दिले?’ गुण दोन. अपेक्षित उत्तर: जपान, १९०५, रशियाचा पराभव. एका मुलाने लिहिलं होतं, ‘अबिसिनिया, १८९६, इटलीचा पराभव’. अबिसिनिया हे इथिओपियाचंच जुनं नाव. मी लाल शाईने फुली मारली. शून्य. मुलाच्या वडिलांचं रद्दीचं दुकान होतं. दुसऱ्या दिवशी तो एक फाटकं मासिक घेऊन आला. “बाई, यात आहे.” मी ते हातातही घेतलं नाही. म्हटलं, “पेपर तपासून झालेत. आणि पुस्तकात आहे तेवढंच लिहावं.” वर्ग हसला. तो मासिक छातीशी धरून जागेवर गेला.

तो तिथे उभा होता माझ्यासमोर, त्या पुतळ्याखाली. तुम्ही म्हणाल, दोन गुणांचं काय एवढं! मलाही तसंच वाटायचं.

दुपारी राष्ट्रीय संग्रहालयात ‘लूसी’ पाहिली. १९७४ साली, म्हणजे मी नोकरीला लागले त्याच वर्षी, हदार इथे सापडलेला ३२ लाख वर्षांपूर्वीचा सांगाडा. चाळीस टक्के हाडं मिळाली. उंची जेमतेम साडेतीन फूट. मांडलेली असते ती प्रतिकृती, खरी हाडं तिजोरीत. तिथले लोक तिला ‘दिनक्नेश’ म्हणतात, ‘तू अद्भुत आहेस’. आपल्या सगळ्यांच्या कुळातली म्हातारी, आणि मी त्या खंडाला अंधारं म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी सिदिस्त किलोच्या चौकातला स्तंभ पाहिला. इटली चाळीस वर्षांनी सूड घ्यायला परत आली होती. १९३६ मध्ये तिने शहर घेतलं, मेनेलिकचा पुतळा काढून टाकला. फेब्रुवारी १९३७ मध्ये इटालियन राज्यपाल ग्राझियानीवर बाँब फेकला गेला, त्यानंतर तीन दिवस शहरात कत्तल चालली. इथिओपियाच्या हिशेबाने तीस हजार माणसं गेली. जवळच विद्यापीठ आहे, सम्राट हैले सेलासींच्या जुन्या राजवाड्यात. समोर सिमेंटचा एक जिना उभा आहे, कुठेच न जाणारा. मुसोलिनीच्या सत्तेच्या प्रत्येक वर्षाची एक पायरी, असा इटालियनांनी बांधलेला. १९४१ मध्ये ते गेल्यावर लोकांनी जिना पाडला नाही. सगळ्यात वरच्या पायरीवर आपला छोटासा सिंह नेऊन बसवला! इतकं शहाणं उत्तर मी कुठल्या पेपरात वाचलं नव्हतं.

शेवटी मेस्केल चौकातलं ‘लाल दहशती’चं स्मारक-संग्रहालय. १९७४ मध्ये सम्राटांना हटवून आलेल्या लष्करी राजवटीने पुढच्या काही वर्षांत हजारोंना मारलं. त्यांत विद्यार्थी फार. भिंतीवर फोटो आहेत. काही चेहरे नववी-दहावीतले वाटतात. मी फार वेळ थांबू शकले नाही.

बाहेर वाटाड्याने कॉफी प्यायला बसवलं. त्यांच्याकडे कॉफी तीनदा देतात, एकदाच पिऊन उठणं बरं दिसत नाही. त्याने विचारलं, “तुम्ही भारतात काय करत होता?” मी म्हटलं, “शिक्षिका होते.” तर हा माणूस चटकन उठून उभा राहिला. “आस्तेमारी!” म्हणाला. म्हणजे शिक्षक. सम्राटांच्या काळात शेकडो भारतीय शिक्षक इथिओपियातल्या शाळांमधून शिकवायचे, पार खेड्यापाड्यांत. त्याच्या आईला गणित शिकवलं ते एका भारतीय शिक्षकानेच. “आमच्या घरात अजून त्यांचं नाव निघतं,” म्हणाला, आणि दोन्ही हातांनी मला पेला दिला.

त्या मानातला एक कणही माझा नव्हता. तो त्या दूर गेलेल्या, अनोळखी मास्तरांचा. माझा हिशेब वेगळाच होता. पण सांगायला धीर झाला नाही. मी कॉफी तीनदा प्यायले.

परत आल्यावर महिनाभराने त्या मुलाकडे गेले. मुलगा कसला, पन्नाशी गाठलेला. तेच दुकान चालवतो. मी सगळं सांगितलं, फुली, मासिक, वर्गाचं हसणं. तो गोंधळून बघत राहिला. “बाई, मला तर काहीच आठवत नाही हो. तुम्ही मोडी पाढे सुंदर म्हणून घ्यायचात ते आठवतंय.” मी मोडी कधी शिकवली नाही. कुणा दुसऱ्याच बाईंची आठवण त्याने मला देऊन टाकली होती.

मग बिलं लावता लावता म्हणाला, “अबिसिनिया म्हणालात ना? म्हणजे नक्की कुठे आलं ते?”

हे मात्र लागलं. ज्याने ते शोधून आणलं होतं, त्याच्याकडेच ते उरलं नव्हतं. मी माफी मागायला गेले होते, पण माफीचं त्याला काहीच काम नव्हतं.

त्याने स्टूल पुढे केलं. मी पिशवीतून वही काढली आणि पहिल्यापासून सांगायला लागले. वुचालेचा तह, ‘येईल’ आणि ‘लागेल’, तायतू राणी. मध्ये दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, त्यांना त्याने थांबवून ठेवलं.

त्यानंतर शहर खूप बदललं म्हणे. २०२४ मध्ये त्या पुतळ्याजवळच आडवाच्या विजयाचं मोठं स्मारक झालं आणि आसपासच्या पियासा भागातली पुष्कळ जुनी घरं पाडली. भाचाही आता तिथे नाही. वहीची बरीच पानं मात्र कोरी आहेत अजून.