अवधान आणि अनवधान

नाचणगावला लागून पुलगाव आणि पुलगावला लागून लष्कराचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार. पंचक्रोशीत त्याला ‘डेपो’ म्हटले की पुरते. ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर तिथे आग लागली आणि दोन लष्करी अधिकाऱ्यांसह सोळाहून अधिक माणसे गेली. त्यांत आग विझवायला धावलेलेच पुष्कळ होते. २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा निकामी करण्याच्या जागी स्फोट होऊन आणखी सहा जण गेले. त्यांत जवळच्या खेड्यांतले मजूर होते. त्यानंतर शस्त्रांविषयीचा कोणताही सरकारी कागद आम्हांला निव्वळ कागद म्हणून वाचता येत नाही.

असा एक कागद ब्रिटनमधला आहे. येमेनमधल्या आधीच्या हल्ल्यांत मानवतावादी कायद्याचा भंग झाला होता का, हे न ठरवताच सौदी अरेबियाला शस्त्रपरवाने देणे बेकायदा आहे, असा निकाल तिथल्या अपील न्यायालयाने २० जून २०१९ रोजी दिला. त्या युद्धात वापरली जाऊ शकतील अशा शस्त्रांना नवे परवाने देणार नाही, असे सरकारने कबूल केले. सप्टेंबरमध्ये व्यापारमंत्री लिझ ट्रस यांना न्यायालयाची क्षमा मागावी लागली. रेडिओचे सुटे भाग, लष्करी वाहनाचे शीतयंत्र अशा वस्तूंचे परवाने तरीही निघाले होते. कसे? ‘अनवधानाने’.

या शब्दापाशी साहित्याच्या विद्यार्थ्याने थांबावे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे मागणे आहे ते अवधानाचे. आपल्या परंपरेत अवधान हा वाचणाऱ्याचा धर्म आहे. कवितेचा अर्थ चुकला तर दुसरा समीक्षक तो दुरुस्त करतो. परवान्याचा अर्थ चुकला तर तो दुरुस्त करायला माणूस उरेलच असे नाही.

कागद नियमाप्रमाणे भरलेला असला म्हणजे भागले, असेही नाही. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पुरुलियात विमानातून शस्त्रे टाकली गेली. ती बल्गेरियातून निघाली तेव्हा कागदोपत्री ग्राहक बांगलादेश होता. ते विमान पुढे मुंबईत उतरवले गेले, तोवर शस्त्रे पडून गेली होती. म्हणून देखरेख म्हणजे रकाने तपासणे नव्हे. रकान्यातले विधान खरे आहे का, हे पाहणे होय.

आपल्या देशाची संरक्षण निर्यात २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटी रुपयांवर गेली. दारूगोळ्याच्या निर्यातीला संरक्षण उत्पादन विभाग अनुमती देतो; मात्र प्रत्येक परवान्याचा तपशील लोकांसमोर येत नाही. इस्रायलला होणारी शस्त्रनिर्यात थांबवावी ही याचिका सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने ९ सप्टेंबर २०२४ रोजी फेटाळली. परराष्ट्रधोरण हे न्यायालयाचे क्षेत्र नव्हे, असे कारण दिले. ही मर्यादा आम्ही समजू शकतो. पण न्यायालयाने न वाचलेला कागद मग कोणी वाचायचा? आमच्या मते संसदेने. ब्रिटनमधली चूक उघड झाली ती सरकारने कार्यालयाबाहेरच्या कोणाला तरी शब्द दिला होता म्हणून. ज्या खात्याने परवाना द्यायचा, त्यानेच आपल्या अनवधानावर अवधान ठेवायचे, ही व्यवस्था डेपोच्या कुंपणाशेजारी राहणाऱ्यांना तरी पुरेशी वाटणार नाही.