अवधाण येते म्हणजे काय होते?

पायात खिळा गेला, अंगठा ठेचाळला आणि जखम चिघळली की दोन दिवसांत जांघेत गाठ धरते. हाताला लागले असेल तर काखेत. आपल्या आया-आज्या तिला अवधाण म्हणत आल्या. जखम एकीकडे आणि गाठ भलतीकडेच, म्हणून माणूस घाबरतो. ‘विष वर चढले’ म्हणत कोणी गाठ चोळून काढतो, कोणी चुना-गूळ लावतो, कोणी दोरा मंतरून आणतो. मी बी.कॉम. झालेला, कारकुनी करणारा माणूस, डॉक्टर नव्हे. पण वस्तीतल्या लोकांबरोबर इस्पितळाच्या रांगेत बरीच वर्षे बसलो आहे. हा प्रश्न तिथे इतक्यांदा कानावर आला की डॉक्टरांना विचारून आणि पुस्तके चाळून तो समजून घेतला.

पहिली गोष्ट ही की ती गाठ नवी उगवलेली नसते. आपल्या शरीरात जांघेत, काखेत, मानेत, पोटात मिळून अशा पाच-सहाशे छोट्या गाठी जन्मापासून असतात. त्यांना लसीकाग्रंथी म्हणतात. एरवी त्या घेवड्याच्या दाण्याएवढ्या, हाताला लागतसुद्धा नाहीत. खरचटलेल्या जागी पिवळसर पाणी सुटते, त्याला आपण लस म्हणतो. तशाच प्रकारचे पाणी सगळ्या शरीरातून बारीक नळ्यांनी या ग्रंथींत येते. रक्ताला ढकलायला हृदय आहे, याला तसा पंप नाही. ते मुख्यतः हातपाय हलवले, श्वास घेतला की पुढे सरकते. पायाचे पाणी जांघेतून जाते, हाताचे काखेतून. म्हणून खिळा तळपायात आणि गाठ जांघेत.

या ग्रंथींत रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या एका प्रकाराला लिम्फोसाइट म्हणतात. अस्थिमज्जेत आणि छातीतल्या थायमस ग्रंथीत त्या तयार होतात. पूर्वी शास्त्रज्ञांना यांचे एक कोडे पडले होते. ग्रंथींमधून निघालेले बरेचसे पाणी छातीतल्या एका मोठ्या नळीतून मानेच्या मुळाशी, डाव्या बाजूला रक्तात मिसळते. त्या नळीतून एका दिवसात इतक्या लिम्फोसाइट रक्तात पडतात की रक्तातला सगळा साठा दिवसातून अनेकदा बदलला जावा. तरी रक्तातली संख्या जवळजवळ तेवढीच. आमच्या भाषेत, जमेच्या बाजूला रोज भरणा होतो आणि शिल्लक वाढत नाही. मग खर्च कुठे पडतो? काहींना वाटे, या पेशी लगेच मरत असाव्यात.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे जेम्स गोवन्स यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस हा हिशेब लावला. त्यांनी उंदरांच्या त्या नळीत बारीक नळी बसवून पाणी काही दिवस बाहेर काढले. निघणाऱ्या पेशींची संख्या दिवसेंदिवस घटत गेली. त्याच पेशी पुन्हा शिरेतून रक्तात घातल्या की संख्या टिकून राही. पुढे किरणोत्सर्गी खूण लावलेल्या पेशी सोडून त्यांचा माग काढला, तेव्हा त्या ग्रंथींमधल्या खास रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून आत शिरताना सापडल्या. म्हणजे तीच नोट पुन्हा पुन्हा मोजली जात होती! पेशी रक्तातून ग्रंथीत शिरते, काही तास ते दिवसभर तिथे राहून शोध घेते, ओळखीचा शत्रू दिसला नाही तर बाहेर पडते आणि फिरून रक्तात येते. एका वेळी रक्तात यांच्यापैकी जेमतेम दोन टक्के असतात. बाकी सगळ्या मुक्कामाला.

आत कशा जातात हे कळले, पण बाहेर कशा पडतात हे उलगडायला पुढची चाळीसेक वर्षे गेली. रक्तात आणि लसीकेत एस-वन-पी नावाचे एक स्निग्ध रसायन भरपूर असते. ग्रंथीच्या आत मात्र ते सतत मोडले जात असल्याने फार थोडे. लिम्फोसाइटच्या अंगावर हे रसायन हुंगणारे जणू एक नाकच असते. रक्तात असताना वास इतका दाट की ते नाक मिटून जाते. ग्रंथीत काही तास राहिल्यावर ते पुन्हा उघडते, बाहेरचा वास येतो आणि पेशी दाराकडे निघते. हे नाक नसेल तर पेशी ग्रंथीतून निघतच नाही, हे २००४ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथील जेसन सायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले.

आता अवधाणाकडे येऊ. खिळ्याबरोबर गेलेले जंतू लसीकेतून जांघेतल्या ग्रंथीत पोचले की तिथे धोक्याची सूचना होते. रक्तातून येणाऱ्या पेशींचा ओघ वाढतो आणि बाहेरचे दार काही काळ बंद होते, कारण ते हुंगणारे नाकच पेशी आत ओढून घेतात. आवक चालू, जावक बंद. मग गाठ फुगेल नाही तर काय होईल? आवरण ताणले जाते म्हणून ती दुखते. ज्या पेशीला शत्रू ओळखता आला ती दोन-तीन दिवस तिथेच थांबून एकीच्या अनेक होते, आणि मग हे सैन्य दार उघडून जखमेकडे जाते. अशी गाठ चोळून काही मिळत नाही. स्वच्छ करायची ती जखम. पायापासून वर लाल रेघ चढू लागली किंवा ताप भरला, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

हे दार मुद्दाम बंद ठेवणारे औषधही आहे. किड्यांवर वाढणाऱ्या एका बुरशीतल्या द्रव्यावरून जपानी संशोधकांनी फिंगोलिमॉड तयार केले. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात आपल्याच पेशी मेंदूतल्या मज्जातंतूंच्या आवरणावर उठतात. त्यांना ग्रंथीत कोंडून ठेवायला हे औषध २०१०पासून अमेरिकेत मान्य झाले. अर्थात पहारेकरी कोंडले की चोरांचे फावते, म्हणून हे औषध घेणाऱ्याला संसर्गापासून जपावे लागते.

पण प्रत्येक गाठ अवधाण नसते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, त्याला लोक गाठीचा रोग म्हणत. ती गाठ याच ग्रंथीची. फरक असा की जंतू ग्रंथीतच वाढत. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

आज आपल्या वस्त्यांतून जी गाठ अंगावर काढली जाते ती मानेतली, क्षयाची. नववीतल्या एका मुलीच्या मानेला दोन महिने गाठ होती. लेप देणाऱ्याने तीनदा पैसे घेतले होते. आई मला म्हणाली, “भाऊ, दुखत तर नाही, मग कशाला दवाखाना? गळ्याला कापलं तर उद्या पोरीला कोण पत्करील?” मी म्हटले, “ताई, दुखत नाही म्हणूनच दाखवायची.” अवधाण दुखते आणि जखम सुकली की हळूहळू उतरते. दोन-तीन आठवड्यांत न उतरणारी, वाढणारी, टणक गाठ, सोबत बारीक ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे, यातले काहीही दिसले की तपासणी हवीच. क्षयाप्रमाणे कर्करोगाचीही गाठ न दुखणारी असू शकते.

त्या मुलीच्या गळ्याला कापावे लागले नाही. सुईने गाठीतला अंश काढून तपासला आणि क्षय निघाला. सरकारी दवाखान्यात औषध फुकट असते, आणि नाव नोंदले की पोषणासाठी नोव्हेंबर २०२४पासून महिन्याला १,००० रुपये खात्यात जमा होतात. फुप्फुसात क्षय नसेल तर नुसत्या गाठीच्या क्षयाने घरात कोणाला लागण होत नाही. तिचे ताट-वाटी वेगळी करण्याचे कारण नव्हते. हे तिच्या आजीला पटवायला मात्र मला दोन रविवार लागले.

तिसऱ्या महिन्यात तिची गाठ उलट थोडी मोठी झाली आणि घरात रडारड झाली. गोळ्या लागू पडत असतानाही असे कधी कधी होते, कारण मेलेल्या जंतूंवरही आपल्या पेशी तुटून पडतात. डॉक्टरांनी तपासून तेच सांगितले आणि गोळ्या चालू ठेवल्या. सहा महिने पूर्ण झाले तेव्हा हाताला लागेल एवढाच दाणा उरला होता.