रॉसची जमीन आणि रॉसची जमात

अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यात माउंट्रेल ही काउंटी आहे; काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग. तिथल्या रॉस गावाभोवती १९०० नंतर सीरिया-लेबनॉनकडची मुस्लिम कुटुंबे येऊन वसली. १८६२ च्या होमस्टेड कायद्याप्रमाणे पाच वर्षे राहून जमीन कसली की १६० एकर नावावर होत असे.

आज तिथे शेत घेऊन संसार थाटावा का? माळ मोकळा आहे, गहू पिकतो. पण आता जमीन फुकट मिळत नाही. हिवाळ्यात पारा उणे ३० अंशांपर्यंत उतरतो आणि शेतीचा हंगाम लहान असतो. जमिनीखाली तेल आहे. जमीन एकाची आणि खालचे तेल दुसऱ्याचे असू शकते. म्हणून दोन्हींचे कागद तपासावेत.

मात्र खरा प्रश्न जमातीचा आहे. या शेतकऱ्यांनी १९२९ मध्ये मशीद बांधली. पुढे मंदी आणि दुष्काळ आला, मुले शहरांत गेली, नमाजी उरले नाहीत. १९७० च्या दशकात ती इमारत पाडली गेली. २००५ मध्ये तिथे पुन्हा छोटी मशीद उभी राहिली. शेजारच्या कब्रस्तानात त्या पहिल्या पिढीतली माणसे विसावली आहेत.

म्हणून जायचेच असेल तर चार-पाच घरांनी मिळून जावे. शेत एकट्याला कसता येईल. पण जुम्म्याच्या नमाजेला, मुलांच्या तालमीला आणि जनाज्याला खांदा द्यायला माणसे लागतात.