प्रवरेच्या काठी

रतनवाडीहून काल रात्री परतलो. पाय दुखताहेत, पण ते दुखणंही हवंसं वाटतंय.

सकाळी अमृतेश्वराचं दर्शन घेऊन रतनगड चढलो. लोखंडी शिड्या, मग माथ्यावरचं नेढं. कातळातल्या त्या आरपार भोकात बसलं की वारा अंगावरून नाही, अंगातूनच जातो.

उतरून भंडारदरा धरणाच्या पाण्याकाठी तंबू ठोकला. गावातले एक बाबा गळ टाकून बसले होते. गांडूळ आकड्यात कसं ओवायचं ते त्यांनी दाखवलं. टोक जराही उघडं राहता कामा नये. मग नजर पाण्यावर. मोरपिसाच्या दांडीचा तरंगा दोनदा थरथरला आणि गपकन बुडाला. "ओढ आता!" बाबा म्हणाले. पंजाएवढी चिलापी! दोरीतून मनगटापर्यंत आलेला तिचा हिसका अजून हातात आहे.

तीन दगडांच्या चुलीवर हळद, तिखट, मीठ लावून भाजली. बाबांना आग्रहाने बसवून घेतलं. अशी चव मला कुठल्याच हॉटेलात मिळालेली नाही.

१९२६ साली पूर्ण झालेल्या या धरणात अडलेली प्रवरा रतनगडाच्याच परिसरात उगम पावते. तिथे जाल तेव्हा काठावरचा आपला कचरा पिशवीत भरून परत आणा. हेच पाणी पुढे गावं पितात.