सिस्टिम डिझाइनची मुलाखत आणि ‘मेरिट’

सॉफ्टवेअर कंपनीत चार-पाच वर्षं काढली, की पुढच्या नोकरीसाठी एक वेगळीच मुलाखत द्यावी लागते. ‘तिकीट आरक्षणाची यंत्रणा कशी उभी कराल?’ एवढाच प्रश्न, पाऊण तास आणि कोरा फळा. जळगाव-धुळ्याची आपली मुलं कोडिंगच्या फेऱ्या पार करतात आणि इथे अडतात. मग कुणीतरी मेरिटचा विषय काढतो.

आम्ही समाजशास्त्राचे, कोडिंग आम्हाला येत नाही. पण रविवारी विहारात मुलांच्या सराव-मुलाखती ऐकतो. प्रश्न आला की मुलं खाली मान घालून फळ्यावर चौकोन काढू लागतात, समोरच्याला उलट काही विचारत नाहीत. ‘विचारू नको, सांगितलं तेवढं कर’ हे ज्यांच्या पिढ्यांनी ऐकलं, त्यांच्याकडून दुसरं काय होणार? ज्याचे बाप-काका इंजिनिअर, तो या गप्पा जेवताना ऐकतो. त्याला मेरिट म्हणायचं! इथे तर पहिले गुण विचारण्याचेच: वापरणारे किती, गर्दी कधी, काय बिघडलेलं चालेल, काय मुळीच चालणार नाही?

म्हणून आम्ही परदेशी ॲप बाजूला ठेवून शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज घेतला. तो आपल्या मुलांइतका कुणाला ठाऊक? समजा, शेवटच्या दिवशी १० तासांत २ लाख अर्ज आले. सेकंदाला पाच-सहा, एवढेच! मग साइट का बसते? प्रत्येकाचे दाखले १ एमबी धरले तरी २०० जीबी होतात. शिवाय ‘सबमिट झालं का’ म्हणून तेच पान पुन्हा पुन्हा उघडणारे. तेव्हा फायली वेगळ्या साठवा, अर्ज रांगेत घेऊन पोच लगेच द्या, तपासणी मागाहून करा. बटण दोनदा दाबलं तरी नोंद एकच व्हावी. अर्जाची स्थिती पाच मिनिटं जुनी दिसली तर चालेल, पण पोच दिलेला अर्ज हरवता कामा नये. या मुद्द्यावर धुळ्याची एक मुलगी वीस मिनिटं भांडली. तिची तयारी झाली, असं आम्ही समजतो.

घटनेच्या मसुद्यावर सभागृहात २,४७३ दुरुस्त्या मांडल्या गेल्या. हेच का, ते का नाही, याची उत्तरं बाबासाहेब उभे राहून देत होते. मुलाखतीतही तेच करायचं असतं. व्हिडिओ पाहून आकृत्या पाठ करणाऱ्याला पहिल्याच ‘का?’ला घाम फुटतो. इंग्रजी अडली तर आधी मराठीत बोला, अहिराणीत बोला, पण मोठ्याने बोला.

पुढच्या रविवारी तत्काळ तिकिटं घेऊ. एसीची सकाळी १० वाजता खुली होतात, बिगर-एसीची ११ वाजता. एकच बर्थ दोघांना जाता कामा नये. खडू आम्ही आणतो.